मी आमेन म्हणाले होते

"जरा बाजूला सरक. बॅनर झाकतेस."

वाटपाला आलेल्या बाईंनी मला हात लावला नाही. यादीच्या पुठ्ठ्यानं ढकललं. मी सरकले. छातीवर कागद टाचला होता, त्यावर लिहिलं होतं, 'लाभार्थी'. हातात नवं ब्लँकेट.

"हस की गं."

मी हसले.

तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची होते. तळेघरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. वाडीत ख्रिस्ती घर एकच, आमचं. वडील आधीच गेलेले. आईनं प्रभूला धरलं तेव्हापासून लोक आम्हाला 'येशूवाले' म्हणायचे. शेजारच्या सखूकाकीनं आमच्या घरचा चहा सोडला होता. आई तिला सांगायची, "माझी मंडळी शहरात हाये. येतील एक दिस, बघशील." मंडळी म्हणजे चर्चची माणसं. आणि ती आली खरी, नाताळाच्या तोंडावर, दोन गाड्या घेऊन.

आई घरात पडून होती. तिसरा दिवस. अंग तापलेलं, पोट दगडासारखं घट्ट. सकाळपासून तिनं कण्हणंही बंद केलं होतं. मला त्या कण्हण्यापेक्षा तिच्या गप्प राहण्याची जास्त भीती वाटत होती.

फोटो झाल्यावर मी बाईंच्या मागं गेले. म्हणाले, "आई लई आजारी हाये. दवाखान्यात न्या."

बाई दारापर्यंत आल्या. नाकाला रुमाल लावून उंबऱ्यातूनच बघितलं. मग म्हणाल्या, "बाळा, आम्हाला अजून दोन वाड्या करायच्यात. आपण आईसाठी प्रार्थना करू, हं?"

सगळ्यांनी डोळे मिटले. मी उघडे ठेवले. दारातून गाडी दिसत होती. इंजिन चालू होतं. मागची सीट रिकामी होती.

प्रार्थना लांबलचक होती, आणि गोड होती. ती संपली तेव्हा सगळे थांबले. बाईंनी एक डोळा किलकिला करून माझ्याकडं बघितलं. मी मोठ्यानं म्हणाले, "आमेन."

आमेन म्हणजे तसंच होवो. तसंच झालं, प्रार्थनेवरच भागलं.

गाड्या वर गेल्या. मी सखूकाकीच्या दारात जाऊन रडले. जिनं आमचा चहा सोडला होता, तिनं हातातली भाकरी तव्यावर तशीच सोडली. नवऱ्याला म्हणाली, "उठा. झोळी करा."

झोळी म्हणजे बांबूला कापड बांधायचं, त्यात माणूस निजवायचं आणि दोघांनी खांद्यावर घेऊन उतरायचं. वाडीत कुणाची गाडी नाही, एसटी खालच्या सडकेलाच थांबते; तिथंवर आजारी माणूस असाच जातो. काकीनं तिचं घोंगडं आणलं. आईनं मान हलवली.

"नवं घ्या. माझ्या मंडळीनं दिलंय."

"अगं, त्यात दम न्हाई. टिकायचं न्हाई ते."

"नवंच घ्या."

तिला वाडीला दाखवायचं होतं की तिची माणसं आली होती. मरणाच्या दारात तिला तेवढीच अब्रू राखायची होती. काकीला ते कळलं. तिनंच गाठी मारल्या.

अर्ध्या उतारावर ब्लँकेट टरकन फाटलं. आई कातळावर पडली. ओरडलीसुद्धा नाही. पुन्हा वाडीत जाऊन घोंगडं आणेपर्यंत खालची एसटी निघून गेली. आम्ही सडकेला बसलो. माळावर वाऱ्याशिवाय आवाज नव्हता. आईची नखं निळी पडत होती आणि ती मीच बघत होते.

मग त्याच दोन गाड्या वरून परत आल्या. आम्ही सगळ्यांनी हात केले. काचा बंद होत्या. आतून बाईंनीही हात हलवला. हसून. त्यांना वाटलं, आम्ही निरोप द्यायला थांबलोय.

पुढं एक टेम्पो मिळाला. घोडेगावच्या दवाखान्याच्या वाटेवर, शिनोलीच्या अलीकडं आई गेली.

आता मी घोडेगावला राहते, मंडळीतच सेविका आहे. प्रभूवर माझा राग नाही. त्याच्या नावानं डोळे मिटून घेणाऱ्यांवर आहे. 'संधी रोज तुमच्या दारात उभी असते, डोळे उघडे ठेवा,' हा उपदेश मी दर रविवारी ऐकते. आणि खरं सांगायचं तर कित्येक वर्षं वाटपाच्या याद्या मीच केल्या. कागद मीच टाचले. पुठ्ठा माझ्या हातात होता, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

गेल्या नाताळाआधी आम्ही अशाच एका वाडीवर गेलो. बॅनर लागला. रांगेच्या शेवटी एक पोटुशी बाई भिंतीला टेकून बसली होती. पाय सुजलेले, तोंड सुजलेलं.

"काय होतंय?"

"डोळ्याम्होरं अंधारी येतीय, ताई. सकाळपून."

मी पाळकांना, आमच्या धर्मगुरूंना, सांगितलं. ते भले गृहस्थ. लगेच आले. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "अजून दोन वाड्या राहिल्यात. आपण आपल्या या बहिणीसाठी प्रार्थना करू."

शब्दसुद्धा तेच. मी गाडीकडं बघितलं. इंजिन चालू होतं.

प्रार्थना संपली. सगळे आमेन म्हणाले. मी नाही. पाळकांनी माझ्याकडं बघितलं.

"आमेन, भगिनी?"

"आधी गाडीचं दार उघडा. मग म्हणते."

कुणी हललं नाही. मीच दार उघडलं. सीटवरची ब्लँकेटची खोकी ओढून धुळीत टाकली. बॅनर धरलेल्या दोघांना म्हणाले, "ते सोडा आणि हिला धरा." त्यांनी सोडला. ड्रायव्हरनं पाळकांकडं बघितलं, मग त्या बाईच्या तोंडाकडं बघितलं, आणि गिअर टाकला. वाटेत तिला दोनदा झटके आले. मी तिचं डोकं मांडीवर घट्ट धरून बसले आणि रस्ता बघत राहिले. शिनोली मागं पडली, ती श्वास घेत होती, तेव्हा मी आमेन म्हणाले.

बाई वाचली. बाळ गेलं. डॉक्टर म्हणाले, अजून लवकर आणायला हवं होतं. आमचा पहिला तास फोटोत गेला होता.

पुढच्या रविवारी मला भर उपासनेत उभं केलं. प्रार्थनेचा अवमान केला म्हणून क्षमा मागायची होती. मी उभी राहिले. पुठ्ठा पुढच्या बाकावर ठेवला आणि म्हणाले, "क्षमा मागायचीय ती माझ्या आईची. तिच्यासाठी मी आमेन म्हणाले होते. इथून पुढं माणूस दवाखान्याच्या दारात पोचल्याशिवाय माझ्या तोंडून तो शब्द निघणार नाही. काढून टाकायचं असेल तर आत्ताच टाका."

पाळकांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत.