सीरमच्या तबेल्यातला मोतद्दार

सत्तावीस वर्षं मोतद्दाराचं एकच काम. सीरम बनवणाऱ्या संस्थेच्या तबेल्यात लीद काढायची, घोड्यांना खरारा करायचा, आणि डॉक्टरीणबाई सुई घेऊन आल्या की घोड्याचं तोंड धरून त्याच्याशी गप्पा मारत राहायचं. घोड्यांना रेबीजचे मेलेले विषाणू टोचत, मग त्यांच्या रक्तात तयार झालेलं औषध काढून माणसांसाठी बाटल्या भरत. एवढं त्याला ठाऊक होतं. त्याहून जास्त विचारायचं त्राण हल्ली उरत नसे. गुडघे कुरकुरायला लागले होते.

त्या सोमवारी डॉक्टरीणबाईंनी पांढऱ्या घोडीचा रिपोर्ट पाहून मान हलवली. त्या घोडीला सगळे बाईसाहेब म्हणत.

"हिच्या रक्तातल्या अँटिबॉडी उतरल्यात. आता हिला मोकळं करू."

"मलाही करा की सोबत," तो म्हणाला. त्या हसल्या. तो हसला नाही.

तेवढ्यात फोन आला. दूध आणायला गेलेल्या बायकोच्या मनगटाला कुत्रं चावलं होतं, चांगलं खोल.

तो दवाखान्यात पोचला तेव्हा नर्स जखम साबणाने धूत होती. पंधरा मिनिटं धुतली. मग दंडात लस, आणि शिवाय जखमेभोवती आणखी सुया.

"अहो, एक टोचलीत ना? मग ही आणखी कशाला?" बायको कळवळली.

"ताई, लस तुमच्या शरीराला शिकवते, पण शिकायला आठवडा-दोन आठवडे जातात. तोवर या उसन्या अँटिबॉडी. विषाणूच्या अंगावर प्रथिनांचे काटे असतात, त्यांच्याच जोरावर तो मज्जातंतूत शिरतो. अँटिबॉडी त्या काट्यावर नेमकी बसते. काटा झाकला की त्याला आत घुसता येत नाही."

"आणि उसन्या कुणाकडून?"

"घोड्याकडून."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुमच्या त्या बाईसाहेब?"

"तिच्याच असतील असं नाही. बत्तीस घोडे आहेत," तो म्हणाला आणि नर्सच्या ट्रेमधली सीरमची बाटली निरखू लागला. तशी बाटली कुणासाठी उघडलेली त्याने आजवर पाहिली नव्हती.

लसीच्या राहिलेल्या सुया बायकोने तारखेला तारीख घेतल्या, दर वेळी नर्सशी हुज्जत घालून. जखम भरली, पुढे काही झालं नाही. बाईसाहेबांना मागच्या कुरणात सोडलं. तिच्या जागी एक अवखळ तांबडा घोडा आला, आणि पहिल्याच दिवशी त्याने मोतद्दाराच्या पायावर पाय दिला.

"दमानं रे बाबा, अजून अख्खी दुपार जायचीय," असं पुटपुटत मोतद्दार लंगडत पाण्याची बादली आणायला गेला.