हजेरीबाईंची हरकत

दिनांक ९ मार्च, सोमवार, सकाळी अकरा. नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत वरच्या वसाहतीकडे जाणारी बस कायमची बंद करण्याचा ठराव मंजूर झाला आणि त्याखाली ‘उपस्थित नागरिकांची हरकत नाही’ असा शेरा पडला. नागरिकांच्या सज्जात त्या दिवशी एकच व्यक्ती बसलेली होती. तिची हरकत होती. तिला कोणी विचारले नाही, असेही म्हणता येत नाही. विचारले, पण तो प्रश्न आपल्याला आहे, हे तिला ठाऊक नव्हते. एवढी तक्रार आधी नोंदवून ठेवणे भाग आहे. ती समजण्यासाठी त्या व्यक्तीविषयी चार शब्द सांगावे लागतील, कारण आजवर ते कोणी सांगितलेले नाहीत.

बाई पडदे शिवतात. वसाहतीच्या शेवटच्या इमारतीत तळमजल्यावर त्यांची खोली आहे. खिडकीशी शिवणयंत्र, त्याच्या डाव्या हाताला अस्तराचे तागे, उजव्या हाताला हुकांचा डबा, आणि भिंतीशी एकच खुर्ची. दुसरी होती, तिच्यावर आता कापड ठेवलेले असते. गावभरच्या खिडक्यांना चुण्या पाडून देणाऱ्या या बाईंच्या स्वतःच्या खिडकीला मात्र पडदा नाही. शेजारणी त्यावरून दिव्याखाली अंधार म्हणून चेष्टा करतात. बाई सांगतात, शिवायला उजेड लागतो. खरे कारण निराळे आहे. खिडकीसमोरच बसचा शेवटचा थांबा आहे. बस येते, दार उघडते, चालक खाली उतरून तोंडावर पाणी मारतो, काचेतून हात करतो आणि पुन्हा वर चढतो. दिवसभरात त्या खिडकीसमोर जे काही येऊन थांबते, ते एवढेच.

यजमान होते तेव्हा त्या खोलीत शिवणयंत्राचा आवाजही ऐकू येत नसे. ते वर्तमानपत्र मोठ्याने वाचत, प्रत्येक बातमीनंतर सरकारचा उद्धार करीत, आणि बाई सुईवरची नजर न काढता ‘हं’ म्हणत. त्या ‘हं’वर त्या दोघांचा संसार उत्तम चालला. ते गेले. मुलगा नोकरीनिमित्त दूर गेला तो तिकडचाच झाला. रविवारी फोन करतो, आणि तोही स्वयंपाकघरात काहीतरी परतत असताना. घरात ‘हं’ उरला, पण तो कशाला म्हणायचा ते उरले नाही.

अशात नगरपरिषदेच्या सभागृहाचे पडदे शिवण्याचे काम त्यांना मिळाले. पडदे लावून होत आले, दोन खिडक्यांचे हूक तेवढे राहिले, आणि सभेची वेळ झाली. शिपायाने सांगितले की वर सज्जात बसा, सभा आटोपली की उरलेले लावा. बाई वर जाऊन बसल्या. खाली माणसे एकामागून एक उठून बोलू लागली. एकमेकांना ‘सन्माननीय’ म्हणून मग एकमेकांची लक्तरे काढू लागली. गटारे, दिवे, पाण्याची टाकी, भटकी कुत्री. बाईंच्या लक्षात आले की आपण मघापासून ‘हं’ म्हणत आहोत.

पुढच्या महिन्यात कोणताही हूक राहिलेला नव्हता, तरी त्या गेल्या. मग दर महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी जात राहिल्या. केस पांढरे झाले, खालचे सदस्य बदलले, पक्ष बदलले, काही सदस्यांनी तर पक्ष इतक्यांदा बदलले की त्यांच्यापेक्षा सभागृहाचे पडदे अधिक एकनिष्ठ ठरले. बाईंची खुर्ची बदलली नाही. सदस्यांनी त्यांचे नाव हजेरीबाई ठेवले. वसाहतीत त्यांचा लौकिक वेगळाच झाला. ‘आमच्या काकूंची नगरपरिषदेवर बारीक नजर असते,’ असे लोक पाहुण्यांना अभिमानाने सांगू लागले. एकीने जागे राहायचे आणि बाकीच्यांनी बिनघोर झोपायचे, अशी ही वाटणी होती. बाईंची नजर कशावरही नव्हती, त्या माणसांचे आवाज ऐकायला जात होत्या. पण हे सांगायला कोणी विचारावे तर लागते.

सज्जाच्या भिंतीवर ‘शांतता राखा’ असा फलक होता. हाताची घडी, तोंडावर बोट या शिस्तीत वाढलेल्या पिढीला याहून अधिक काही सांगावे लागत नाही. खाली प्रत्येक ठराव वाचून झाला की अध्यक्ष कागदातून डोके वर न काढता ‘कोणाची हरकत?’ असे पुटपुटत, जरासे थांबत आणि ‘मंजूर’ म्हणत. बाईंना वाटे, हा त्यांचा आपसातला प्रश्न. सदस्यांना मत देता येते, तेव्हा हरकतही त्यांनीच घ्यायची, हे कोणालाही वाटेल तसे त्यांनाही वाटले.

आणि एक गोष्ट होती. सभेच्या दिवशी सकाळी शिपायाचा फोन येई. “काकू, निघालात ना?” बाई पोहोचण्याआधी त्यांच्या खुर्चीवरचा पंखा सुरू झालेला असे, शेजारी पाण्याचा पेला झाकून ठेवलेला असे. उशीर झाला तर तो जिन्याशी उभा राही. बाईंनी त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला उरलेल्या कापडाचा पडदा शिवून दिला होता. रविवारी मुलाला त्या सांगत की मी नसले तर तिथे लोकांना चुकल्यासारखे होते. मुलगा पलीकडून ‘हं’ म्हणे.

तर ९ मार्च. बसचा ठराव वाचला गेला. प्रवासी कमी, रस्ता चढाचा, सबब बंद. बाई खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांनी वसाहतीच्या नगरसेवकांकडे पाहिले. निवडणुकीत हेच गृहस्थ त्यांच्या उंबऱ्याशी हात जोडून उभे राहिले होते आणि ‘काकू, तुमचा मुलगाच समजा’ म्हणाले होते. ते मुलासारखेच वागले. फोनमध्ये डोके घालून बसले होते. अध्यक्षांनी हरकत विचारली. बाई वाट पाहत राहिल्या की आता कोणीतरी उठेल. कोणी उठले नाही.

परतीच्या बसमध्ये त्या एकट्याच होत्या. चालकापर्यंत बातमी आधीच पोहोचली होती. चढ लागल्यावर त्याने विचारले.

“मावशी, तुम्ही तिथंच होता ना?”

“होते.”

“मग बोलला का नाहीत? आगारात सांगत होते, लोकांची काही हरकत नाही म्हणून.”

“लोक कुठं होते? मी एकटीच होते.”

“तेच म्हणतोय मी,” चालक म्हणाला, आणि नंतर थांबा येईपर्यंत त्याने आरशात पाहिले नाही. उतरल्यावर त्याने तोंडावर पाणी मारले, पण काचेतून हात केला नाही.

दुसऱ्या दिवशी बाई हातातला पडदा अर्धा टाकून नगरपरिषदेत गेल्या. शिपाई टेबले पुसत होता. त्यांनी विचारले की हरकत नेमकी कोणाला विचारतात. त्याला या अज्ञानाची गंमत वाटली. माणूस मनाने वाईट नव्हता, म्हणूनच त्याने काही राखून न ठेवता सांगितले. प्रश्न सज्जालाच असतो. जुना नियम आहे; लोकांच्या सोयीसुविधांविषयीचा कोणताही ठराव नागरिकांना विचारल्याशिवाय मंजूर होत नाही, आणि सज्जा रिकामा असेल तर सभा तहकूब करावी लागते. पूर्वी फार तहकूब व्हायच्या.

“तुम्ही यायला लागलात आणि आमची कटकट मिटली बघा,” तो म्हणाला. “साहेबांनी मला सांगूनच ठेवलंय, काहीही कर, पण काकूंना आण.”

“म्हणून फोन करतोस?”

शिपायाचे फडके थांबले. आपण काय बोललो, हे त्याला तेव्हा कळले असावे. “तसं नाही काकू,” तो म्हणाला. मग पुसलेलेच टेबल तो पुन्हा पुसू लागला.

घरी येऊन बाईंनी पडदा पुरा केला. चुण्या सरळ आल्या नाहीत, उसवून पुन्हा घातल्या. मौन म्हणजे संमती, हे आपण सर्वजण शाळेत शिकलो. पण कोणाच्या संमतीवर कोणाचा कारभार चालतो, हे कोणत्याही शाळेत शिकवत नाहीत. डांबराऐवजी खडी पडली तेव्हा बाई तिथे होत्या. वाचनालयाच्या जागी वाहनतळ झाला तेव्हा होत्या. या सगळ्याला नागरिक उपस्थित होते आणि त्यांची हरकत नव्हती. बाईंना खिन्न करणारी गोष्ट मात्र याहून लहान होती. तो पंखा त्यांच्यासाठी लावलेला नव्हता.

मंजूर झालेला ठराव पुढच्या सभेत कायम व्हावा लागतो, आणि तेव्हाही सज्जाला तोच प्रश्न विचारावा लागतो. एप्रिलच्या सोमवारी फोन वाजला. बाई शिवणयंत्राशी बसून राहिल्या. फोन पुन्हा वाजला. समोर बस आली, थांबली, रिकामीच खाली गेली. संध्याकाळी चालकाने खिडकीशी येऊन सांगितले की सभाच झाली नाही, सज्जात कोणी नव्हते म्हणे. त्याने पुन्हा काचेतून हात केला. जिंकण्याचा हा एक प्रकार झाला: आपण कुठेही नसणे. पण महिन्यातला तो एकच दिवस होता ज्या दिवशी बाई केस नीट विंचरून बाहेर पडत, आणि तोही गेला.

मधल्या काळात त्यांनी शेजारच्या दारांवर थाप मारली. पुढच्या सभेला सोबत चला, एवढेच मागितले. कोणाला कार्यालय होते, कोणाच्या मुलांच्या परीक्षा. एकाने तर गाडी घेतली होती, त्यामुळे त्याला बसचा प्रश्नच समजत नव्हता. सगळ्यांनी आदराने निरोप दिला. “तुम्ही आहात ना काकू,” असे प्रत्येक दारातून ऐकू आले.

११ मे रोजी फोन वाजला नाही. बाई सकाळपासून वाट पाहत होत्या, न उचलण्यासाठी. फोन न येण्याची भीती त्यांना आधी कधी वाटली नव्हती. शेवटी त्यांनी केस विंचरले आणि बस गाठली.

सज्जात त्यांच्या खुर्चीवर अध्यक्षांच्या मोटारीचा चालक बसला होता. डोक्यावर पंखा फिरत होता, शेजारी पेला झाकलेला होता, आणि तो गृहस्थ गाढ झोपला होता. बाई दाराशीच उभ्या राहिल्या. खाली बसचा ठराव कायम करण्यासाठी निघाला. अध्यक्ष कागदात पाहून म्हणाले, “कोणाची हरकत?”

“माझी आहे.”

आवाज इतका बारीक निघाला की तो पडद्यांतच अडकेल असे बाईंना वाटले. पण सभागृह शांत झाले. अध्यक्षांनी मान वर केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

“आपण कोण, बाई?”

“मी वर बसते.”

खाली कोणीतरी हसले. अध्यक्षांनी राहता कुठे, असे विचारले.

“बस थांबते तिथं.”

यावर कोणी हसले नाही. नगरसेवकांनी फोन खिशात ठेवला. अध्यक्षांनी नियम चाळले, बाजूच्या अधिकाऱ्याशी कुजबुजले आणि मोटारचालकाला हाक मारून त्याची हरकत आहे का, ते विचारले. तो दचकून उठला आणि “गाडी काढू का साहेब?” म्हणाला. मग सावरून म्हणाला, हरकत नाही. एक हरकत, एक बिनहरकत. निर्णय पुढच्या सभेवर गेला. त्या दिवशी सज्जातील नागरिकांचे हात मोजले जातील आणि जे अधिक असतील त्यांचे खरे मानले जाईल.

जिन्याशी शिपाई उभा होता. मला वरून सांगितले होते, असे काहीसे तो म्हणाला.

“तुझा पडदा धुतला की आखडेल,” बाई म्हणाल्या. “खालची शिवण सोडून घे, आत कापड ठेवलंय. सांगायचं राहिलं होतं.”

रविवारी त्यांनी मुलाला सर्व सांगितले. तो परतणे थांबवून ऐकत होता. तू कशाला या भानगडीत पडतेस, इकडे येऊन राहा, असे तो म्हणाला, आणि ते त्याच्या मनापासून होते. बाई म्हणाल्या, अजून बस येते आहे. नंतर त्यांनी दिवा न लावता खिडकीशी खुर्ची ओढली. वसाहतीतून अद्याप कोणीही त्यांना काय झाले ते विचारलेले नाही.

पुढची सभा ८ जूनला, सोमवारी, सकाळी अकरा वाजता आहे. मोटारचालक येईल, आणि या वेळी तो एकटा येणार नाही. सज्जात खुर्च्या भरपूर आहेत आणि फलक अजून तिथेच आहे. त्याकडे लक्ष देऊ नये. वरच्या वसाहतीत राहणाऱ्या प्रत्येक वाचकाने त्या दिवशी एक सकाळ मोडावी, वर येऊन बसावे, आणि हरकत विचारली जाईल तेव्हा हात वर करावा. बाई आहेत, हे उत्तर आता चालणार नाही. तुम्ही या.