थांब्यावर चालू ठेवलेले इंजिन

माझी शेवटची पोस्टिंग उत्तर सीमेवर, अतिउंचीवरील एका वाहनदुरुस्ती वर्कशॉपमध्ये होती. मी नायब सुभेदार होतो. इंजिन हे माझे काम. निवृत्त होऊन कळमनुरीला राहायला आल्यापासून परिसरातील लोक गाडी घेण्यापूर्वी मला विचारायला येतात. मला ठासून बोलता येत नाही, आणि कोणाचा उत्साह मोडणेही जमत नाही. त्यामुळे माझा सल्ला बहुधा "एकदा बोनेट उघडून पाहू" एवढाच असतो.

सुजाता वाठोरे मालवाहू पिकअप घ्यायची म्हणून आल्या तेव्हा एवढ्यावर भागणार नव्हते. त्या नाईक मिलिंद वाठोरेच्या पत्नी. मिलिंद आमच्या युनिटचा ड्रायव्हर होता आणि ड्युटीवर तो गेला तेव्हा त्याची गाडीही नवी पिकअपच होती.

सोबत मिलिंदचे वडील सटवाजी वाठोरे होते. सुजाताताई त्यांना मामा म्हणतात.

"दादा, हळदीचा हंगाम तोंडावर हाय," सुजाताताई म्हणाल्या. "गावातली हळद वसमतच्या बाजारात मी न्यायची ठरवलं. गाडी मीच चालवणार. पण लोकाचा माल भरून गाडी एकदा जरी रस्त्यात थांबली, तर दुसऱ्यांदा मला कोणी हाक मारणार न्हाई. 'बाईची गाडी' म्हणतील अन् मोकळे होतील. नवी घेऊ का जुनी, तेवढं सांगा."

"जुनीच घ्यावं," सटवाजी म्हणाले. "वसमतला एक पाहून ठेवली. जुनं इंजिन वायर तुटली तरी चालते. ह्या नव्याला सर्दी झाली तरी डॉक्टर नांदेडहून बोलवा लागते."

"मामा, त्या गाडीचा धूर कसा होता?" मी विचारले.

"जरासा निळा."

"जरासा?"

"सकाळच्या टायमाला जास्त."

"निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल पिते."

"मंग पिऊ द्या की, सुभेदार. दारू तर न्हाई ना पिऊन राहिलं?"

सुजाताताई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी वसमतला जाऊन ती गाडी पाहिली. इंजिनाचा ब्लॉक एका बाजूने तडकलेला, तिथे वेल्डिंग केलेले होते आणि वरून ताजा रंग मारलेला होता. मालकाला विचारले, तर तो म्हणाला की रंग आवड म्हणून मारला. जुन्या गाडीचा प्रश्न तिथेच संपला. उरली नवी.

नांदेड रस्त्यावरील एका शोरूममध्ये आम्ही तिघे गेलो. विक्रेता तरुण, नम्र आणि अखंड बोलणारा होता. त्याने प्रथम टचस्क्रीन दाखवला. मग ब्लूटूथ. मग मोबाइल ठेवायचा कप्पा. मी इंजिन दाखवायची विनंती केली तेव्हा त्याला बोनेटचा खटका कुठे आहे हे शोधावे लागले.

नव्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारा एक फिल्टर असतो. गाडी मोकळ्या रस्त्यावर काही वेळ सलग धावली, की नळी तापते आणि साठलेली काजळी जळून जाते. गाडी नुसतीच सुरू ठेवून उभी केली किंवा सदैव रेंगाळत चालवली, तर काजळी साठत राहते. ती फार साठली, की गाडीतला कॉम्प्युटर इंजिनाची ताकद काढून घेतो. मला विचारायचे होते ते एवढ्यापुरतेच.

"यांच्या फेऱ्या जवळच्या असतील. शेतरस्ता, गाव, पुन्हा शेतरस्ता. फिल्टर साफ कधी होणार?"

"ऑटोमॅटिक होतो, सर."

"कोणत्या वेगाला?"

"ऑटोमॅटिक वेगाला, सर."

"बाजारात हळदीच्या गाड्यांची लांब रांग असते. इंजिन चालू ठेवून गाडी बराच वेळ उभी राहिली, तर?"

"एसी आहे ना, सर."

आवाज चढू नये याची काळजी घ्यावी लागली.

"आणि फिल्टरचा दिवा लागला, तर?"

"त्याचं टेन्शन घेऊ नका, सर. तो दिवा म्हणजे सूचना असते. दोष नसतो."

हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते, जवळजवळ याच शब्दांत.

आमच्या वर्कशॉपमध्ये दिवस फर्स्ट परेडने सुरू होत असे. गाडी हलवण्यापूर्वी ड्रायव्हरने इंजिन ऑइल, पाणी, पंख्याचा पट्टा, टायर आणि ब्रेक स्वतःच्या हाताने व डोळ्यांनी तपासायचे. वाटेत थांबल्यावर हॉल्ट परेड आणि परतल्यावर लास्ट परेड. मिलिंद यात कधीही घाई करत नसे. तो माझ्याच जिल्ह्यातला. फौजेत एकाच मुलखातल्या माणसाला ग्राईं म्हणतात. ग्राईं म्हणून तो माझ्याकडे चहाला येई, पण परेडच्या वेळी ओळख दाखवत नसे.

त्या उंचीवर आणखी एक पक्का नियम होता. थांब्यावर इंजिन बंद करायचे नाही. थंडीने डिझेल घट्ट होते आणि बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू होईल याची खात्री नसते. आमच्या जुन्या गाड्या दिवसभर अशा घुरघुरत उभ्या राहत आणि त्यांचे काहीही बिघडत नसे. ड्रायव्हरांच्या कित्येक पिढ्या हे शिकत आल्या होत्या.

मग नव्या पिकअप गाड्या आल्या. त्यांच्यासोबत गाडी बनवणाऱ्या कंपनीचा माणूसही आला आणि खालच्या गरम हवेत एक दिवस शिकवून गेला. गाड्या वर आल्या आणि सर्वांनी त्या जुन्या नियमानेच चालवल्या. थोड्याच आठवड्यांत फिल्टरचे नारिंगी दिवे लागू लागले. मी वरिष्ठांना कळवले. काजळी जाळण्यासाठी गाडीला जोडायचे यंत्र मागितले. यंत्र निघाले आहे, असे उत्तर आले. मी पुन्हा कळवले. यंत्र अजून निघतच होते. शेवटी कंपनीच्या माणसाशी फोनवर बोलणे झाले. तो म्हणाला, "साहब, वह लाइट सूचना है, खराबी नहीं." मी विचारले की सूचना कोणाला, आणि त्याने काय करायचे. लाइन कट झाली.

त्या दिवशी कॉन्व्हॉय, म्हणजे आमच्या गाड्यांचा ताफा, सकाळी निघाला. पुढच्या पोस्टसाठी राशन आणि केरोसिन होते. मिलिंदची पिकअप मधे होती, मागे दोन जवान बसलेले. मी सर्वांत मागे, बंद पडलेली गाडी ओढून नेणाऱ्या रिकव्हरी गाडीत. दरड कोसळणाऱ्या पट्ट्याच्या अलीकडे चेकपोस्टवर रस्ता उघडण्याची वाट पाहत आम्ही बराच वेळ उभे राहिलो. सर्व इंजिने चालू होती. नियम तोच होता.

रस्ता उघडला. त्या पट्ट्यात कोणत्याही कारणाने थांबायचे नाही, असा आदेश असतो. चढ अर्धा झाला तेव्हा रेडिओवर मिलिंदचा आवाज आला. रेडिओवर माझी गाडी 'टेल' आणि त्याची 'थ्री'.

"टेल, थ्री बोल रहा हूँ. पॉवर गया. ओव्हर."

"थ्री, रुकना नहीं. चलते रहो. ओव्हर."

"चल रहा हूँ, साब. बैलगाडी की चाल. ओव्हर."

रस्ता एका गाडीच्या रुंदीचा होता. त्याच्यामागच्या सर्व गाड्या त्याच्या चालीने सरकू लागल्या, आणि वरचा उतार सैल होता. मिलिंदने दोन्ही जवानांना उतरवून पुढच्या गाडीकडे पळत पाठवले. पुढे डोंगराच्या अंगाला एक खोबण होती. त्याने पिकअप कशीबशी तिथवर नेऊन आत घातली आणि मागच्या गाड्यांना हाताच्या इशाऱ्याने पुढे काढू लागला. एकेक गाडी त्याच्या शेजारून गेली.

रेडिओवर आम्ही हिंदीतच बोलत असू. शेवटचे वाक्य तो मराठीत बोलला.

"सगळ्या निघाल्या, साहेब. आता तुमी या."

मी वळण घेतले तेव्हा समोर धूळ होती. धूळ बसल्यावर खोबण नव्हती; दरड पिकअपला आणि मिलिंदला घेऊन दरीत गेली होती.

चौकशीत कारण म्हणून भूस्खलन नोंदवले गेले. ते खरे आहे. इंजिनाविषयी मी जबाब दिला, पण इंजिन दरीत होते आणि तपासायला हाती काही नव्हते. यंत्र त्यानंतर पोचले.

शोरूममध्ये मी बोनेट खाली करून बंद केले. विक्रेता पाणी आणायला गेला. सुजाताताईंनी माझ्याकडे पाहिले.

"दादा, त्यांची गाडी अशीच होती का?"

"कंपनी वेगळी. इंजिनाची जात हीच."

"मंग दरड यायच्या आधी ती काहून थांबली? मला आजवर कोणी सांगितलं न्हाई. 'दरड आली' इतकंच सांगितलं."

मी सांगितले. फिल्टर, थांब्यावरचा नियम, नारिंगी दिवा. सटवाजी उभे होते, ते खुर्चीवर बसले. मला वाटले होते की आता सुजाताताई उठतील आणि आम्ही परत जाऊ. खरे सांगायचे तर मी तशी तयारीही केली होती.

"म्हणजे त्यांनी काही चुकवलं न्हाई," त्या म्हणाल्या.

"नाही. त्याने आदेश पाळला. आदेश जुन्या इंजिनासाठी बरोबर होता. नव्याचे कोणी सांगितले नाही."

त्या उठल्या आणि गाडीपाशी गेल्या. खटका त्यांना लगेच सापडला. ऑइल मोजायची पट्टी काढून पदराच्या टोकाला पुसली, पुन्हा घातली, काढून उजेडात धरली. पाणी पाहिले. पट्टा अंगठ्याने दाबला. चारही टायरांभोवती फिरल्या. सुट्टीवर आला की मिलिंद त्यांना ट्रॅक्टर शिकवत असे, हे मला ठाऊक होते. फर्स्ट परेडही शिकवली होती, हे ठाऊक नव्हते. क्रम तोच होता.

विक्रेता पाण्याचे ग्लास घेऊन परतला. "मॅडम, हे रोज पाहायची गरज नाही. काही असलं की स्क्रीनवर येतं."

"स्क्रीनवर येईस्तोर मी काय करू? वाट पाहू?"

त्याने पाणी दिले.

"दादा, जुनी मिळून नाही राहिली, अन् हंगाम थांबत न्हाई," त्या मला म्हणाल्या. "हिला काय लागते ते सांगा. ते मी करीन."

मी दोन गोष्टी सांगितल्या. उभी गाडी बंद करायची, रांगेत असली तरी. आणि आठवड्यातून एकदा हमरस्त्यावर नेऊन, खालच्या गिअरमध्ये, इंजिन चांगले तापेपर्यंत सलग पळवायची. हे सांगताना माझी चिडचिड होत होती. ज्या इंजिनाला आपली घाण जाळायला मोकळा रस्ता लागतो, ते शेतरस्त्याच्या गावात एक शब्दही न सांगता कसे विकले जाते, हे मला आजही समजत नाही.

गाडी आली. दर रविवारी सकाळी सुजाताताई ती वारंगा फाट्यापर्यंत आणि थोडी पुढे पळवून आणतात. पुष्कळदा मीही जातो. मामा खिडकीजवळच्या सीटवरून बोलत असतात.

"रिकामी गाडी पळवायची, डिझेल जाळायचं, अन् म्हणे तिचं पोट साफ होते. आमच्या बैलाला नळीनं औषध पाजलं की झालं."

"मामा, बैल दिवा दाखवत होता का?"

"बैल लाथ दाखवत होता. ती समजत होती."

वसमतच्या रांगेत बाकीच्या गाड्या घुरघुरत असत आणि यांची तेवढी बंद असे. रांग हलली की त्या पुन्हा किल्ली फिरवत. मागचे ड्रायव्हर हॉर्न वाजवत. "ताई, स्टार्टर जाईल त्या गाडीचा," एकाने ऐकवले. "स्टार्टर गेला तर ढकलायला तुमी हायत की," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या वेळी त्याने हॉर्न वाजवला नाही. हंगाम पार पडला. गाडी रस्त्यात एकदाही थांबली नाही. पुढच्या हंगामाची हळद लोकांनी आतापासूनच सांगून ठेवली आहे. मी तरीही निश्चिंत नाही. दर रविवारी मी प्रथम डॅशबोर्ड पाहतो.

वारंगा फाट्यावर आम्ही चहाला थांबतो. मागच्या थंडीत एकदा मामा म्हणाले, "राहू दे चालू, गारठा हाय. दोन मिनिटाचं काम."

सुजाताताईंनी किल्ली फिरवली. इंजिन बंद झाले. चहा घेऊन झाल्यावर त्या उठल्या, टायरांभोवती फिरल्या, गाडीखाली वाकून पाहिले आणि मग दार उघडले. ही हॉल्ट परेड होती.

मी शेवटी एवढेच नोंदवतो. नाईक मिलिंद वाठोरे, ड्रायव्हर. त्या दिवशी त्याच्यामागे असलेली प्रत्येक गाडी पोस्टवर पोचली. सर्वांत शेवटी, दरड हटवल्यावर, माझी.