फिल्मवरचे काळे ठिपके

माझी भाची नेहा मेंदूवर संशोधन करते. परवा तिच्या प्रयोगशाळेत तिने एक फिल्म उजेडासमोर धरून मला दाखवली. उंदराच्या मेंदूचा कांद्याच्या पापुद्र्यासारखा काप काचेवर घ्यायचा, किरणोत्सारी मॉर्फिनमध्ये भिजवायचा आणि मग गार पाण्यात धुवायचा. नुसतं चिकटलेलं मॉर्फिन वाहून जातं. आपल्या जागी बसलेलं तेवढं राहतं आणि त्या कापावर एक्स-रेसारखी फिल्म अंधारात ठेवली की तिच्यावर काळं उमटतं.

“जास्त वेळ धुतलं तर तेही उठून जातं, मावशी,” ती म्हणाली.

राखाडी धुक्यात मोजकेच दाट ठिपके होते. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, शेवटच्या आजारात हेच औषध होतं. गोळी घेतली की थोड्या वेळाने त्यांच्या कपाळावरच्या आठ्या सैल व्हायच्या. ती गोळी कुठे पोचत असेल, असं मला तेव्हा वाटायचं. ती अशा जागी पोचत होती तर.

“अफूच्या बोंडातल्या चिकासाठी मेंदूत आधीपासून पाट मांडून ठेवलाय?” मी विचारलं.

“त्याच्यासाठी नाही गं. दुखणं शमवायला शरीर स्वतःच तसलं काहीतरी बनवतं. पाट त्याचा. मॉर्फिन नंतर येऊन बसतं.”

मी फिल्म पुन्हा डोळ्यांसमोर धरली. गोळ्या सुरू होण्याआधी अण्णा भिंतीकडे तोंड करून गप्प पडून असायचे. त्यांच्या मदतीला कोणीच नाही, असं आम्हाला वाटायचं. तेव्हाही या पाटांवर त्यांचं घरचंच कोणीतरी येऊन बसत होतं. अपुरं पडत होतं, तरी येत होतं.