गादी माझी, कारभार सासूबाईंचा

माझं माहेर साताऱ्याचं आणि सासर पुण्याचं. इथे परदेशात, हौगांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये सासूबाई आल्या त्या मला मदत करायला. आठवडाभरात मसाल्याचा डबा उजवीकडून डावीकडे गेला, आणि पाया लेबार भागातल्या ऑफिसातून दमून आले की माझ्याच स्वयंपाकघरात मी चमचा कुठे आहे ते विचारू लागले.

तक्रार करायलाही जागा नव्हती. रोज सकाळी त्या अगदी अदबीनं म्हणायच्या, "आज काय करू गं? घर तुझं, तू सांगायचं."

"भेंडी करा ना."

"बरं. पण मटकीला मोड आलेत, वाया जातील."

ती मटकी मला विचारण्याच्या कितीतरी आधी भिजलेली असायची. नवऱ्याकडे गाऱ्हाणं नेलं, तर उसळीत पाव बुडवत तो म्हणाला, "विचारते तरी ना ती?" मला असा संताप आला की बोलायची सोय नाही.

मग लेकीला शाळेत जुन्या जपानवर बोलायचं होतं. जेवताना तिनं तालीम केली, आजीसाठी मराठीत.

"आधी सम्राट राज्य करायचा. मोठ्या लोकांच्या जमिनी सांभाळायला सामुराई ठेवले. ते स्ट्राँग झाले. मग त्यांचा बॉस, शोगुन, सगळं ठरवायला लागला. पण सम्राटाला काढलं नाही. शोगुन बनायला त्याचीच परमिशन घ्यायची."

"म्हणजे गादी साताऱ्याला आणि कारभार पुण्याला," सासूबाई म्हणाल्या.

"आपल्याकडे मम्मा सम्राट," लेक इथल्या बोलीच्या ढंगात म्हणाली, "आणि आजी शोगुन, लाह."

नवऱ्यानं ताटात डोकं घातलं. सासूबाईंचा घास हातातच राहिला. मला हसू आवरेना आणि त्यांच्याकडे बघवेनाही.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर काहीच भिजत पडलेलं नव्हतं. "आज काय करू?" त्यांनी विचारलं, आणि या वेळी खरंच उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या. त्या आल्यापासून मी याच सकाळची वाट बघत होते. सगळ्या भाज्या आठवून पाहिल्या. खावीशी वाटली ती एकच गोष्ट.

"मटकीची उसळच करा," मी म्हटलं.

सासूबाईंनी फ्रिज उघडला आणि दह्याच्या भांड्यामागून मोड आलेल्या मटकीचा डबा काढला. "म्हटलं, लागली तर असावी."

मी निमूटपणे कांदा चिरायला घेतला. किती बारीक हवा, तेही त्यांनाच विचारलं.