कापूस चोरीला गेला!

आमच्या कुत्र्याचं नाव कापूस, आणि तो चोरीला गेला तेव्हा त्याच्या अंगावर केस नव्हते.

मूळचा तो झुबकेदार, पांढराशुभ्र पॉमेरियन. पण नागपूरच्या मे महिन्यात कूलरसमोरून हलेना, म्हणून मीच त्याला भादरलं. (माझ्या डोक्यावर काही उरलेलं नसल्याने केस कापायचं मशीन रिकामंच होतं!) बाबा गेल्यापासून आई दिवसभर त्याच्याशीच बोलायची. भादरल्याच्या आठवड्यातच आमच्या सक्करदऱ्यातल्या फाटकातून भरदिवसा कोणीतरी त्याला उचलून नेलं.

ठाण्यात हवालदार म्हणाले, "कुत्र्याचं बिल आहे का जी?"

"कसलं बिल? मित्राने पिल्लू दिलं होतं!"

"मग तुमचाच कशावरून? कायद्यात कुत्रा म्हणजे वस्तू. सायकल असते ना, तसा."

"अहो, तो आईच्या हातानं जेवतो!"

"सायकल जेवत नाही, तेवढाच फरक. फोटो लावा जागोजागी."

मी पेटलोच. प्राणीचोरीविरुद्ध कडक कायदा हवा, हे दिसेल त्या शेजाऱ्याला थांबवून ऐकवलं. दिवाळीतला सर्वांत केसाळ फोटो निवडून गावभर पत्रकं चिकटवली. आई मात्र रोज त्याची वाटी भरून ठेवायची आणि सकाळी मुंग्यांसकट रिकामी करायची.

अखेर फोन आला. कळमन्याच्या बाजारातली फळवाली होती.

"दादा, एक पांढरं कुत्रं माह्या दुकानापाशी येऊन बसून राह्यलं. पण टकलं आहे जी."

"बाई, फोटो नीट बघा! टकली कुत्री आम्ही पाळत नाही!"

आणि फोन आपटला. (मोबाइल आपटायचा नसतो, हे नंतर कळलं.)

दुसऱ्या दिवशी जेवताना हा किस्सा मी आईला हसत हसत सांगितला. तिचा घास हातातच राहिला.

"अरे, टकलं काहून नसन ते? तूच तं भादरलं ना त्याले!"

केस नसलेला पॉमेरियन कोण घेणार? चोरानेसुद्धा सोडून दिला होता! मी तसाच उष्ट्या हाताने कळमन्याला धावलो.

"आता काय आले जी?" फळवाली म्हणाली. "तुमीच तं नाही म्हणले. एका ट्रकवाल्याले दया आली, घेऊन गेला. कुठचा होता, मले काय मालूम!"

हवालदारांनी तर कपाळाला हात लावला. "ट्रकवाल्यावर कसली तक्रार करता साहेब? मालकानंच फोनवर नाकारला!"

घरी येऊन मी कायद्यातल्या पळवाटांवर तावातावाने बोलू लागलो. आई शांतपणे म्हणाली, "कर बाप्पा कायदा. पण त्यात पहिली शिक्षा मालकाले ठेवजो."

ती लागूही झाली आहे. आई आता जेवायच्या वेळी "कापूस, ये रे!" अशी हाक मारते. घरात दुसरं कोणीच नाही, म्हणून मीच मुकाट्याने जाऊन बसतो. माझ्या डोक्याकडे बघत ती पोळी वाढते आणि पुटपुटते, "टकलं असलं तरी घरचं आहे. नाही कसं म्हणू?"