कोड येतोय, तोवर बसा

बँकेतल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. सकाळी शटर वर गेलं की गिऱ्हाइकांबरोबर तेही आत येतात आणि काउंटरसमोर उभे राहतात. हसण्यासारखे असतात ते आम्ही चहाबरोबर संपवतो. कोणाचा सेंड-ऑफ असो, कोणाच्या पोराचं लग्न असो, तेच तेच सांगून लोकांना पिडतो! इंटर्नशिपचे किस्से मात्र मी आजवर कुठं काढले नाहीत. तुम्ही घरची माणसं, म्हणून सांगते. हसू आलं तर खुशाल हसा, तेव्हा मीही हसले होते.

मी चिखलीच्या शाखेत ऑफिसर. बँकेचं नाव विचारू नका, रिटायर व्हायला अजून वेळ आहे!

*

मुंबईहून सर्क्युलर आलं. प्रत्येक शाखेनं कॉलेजच्या मुलांसाठी इंटर्नशिप प्रोग्राम सुरू करायचा. मुलं सहा महिने येतील, बँकिंग शिकतील, शेवटी बँकेचं पत्र घेऊन जातील. सर्क्युलर सोमवारी आलं आणि अहवाल बुधवारी पाहिजे होता.

आमचे मॅनेजर वानखडे साहेब काही वाईट माणूस नाही. फक्त कागद दिसला की तो कोणाच्या अंगावर ढकलता येईल, एवढंच त्यांना आधी सुचतं. मला म्हणाले, "मॅडम, तुमची दोन्ही लेकरं पुण्याला. घर रिकामं. इथं पोरांची हौस करून घ्या!"

मी अहवालाचा फॉर्म उघडला. पहिला रकाना, इंटर्नची संख्या. दुसरा रकाना, त्यांच्यात दिसून आलेली प्रगती.

"साहेब, पोरंच आली नाहीत अजून. प्रगती कोणाची लिहू?"

"चांगली लिहा ना मॅडम, आपल्या घरचं काय जातं!"

मी लिहिलं, समाधानकारक. चार दिवसांनी अकोल्याच्या रीजनल ऑफिसचा फोन. "जिल्ह्यात सगळ्या शाखांची प्रगती उत्कृष्ट आहे, तुमचीच समाधानकारक काऊन? जरा मुलांकडं लक्ष द्या!"

*

मग खरोखरची मुलं आली. दोन. त्यातला आकाश सोनाळ्याचा.

आता सोनाळा जिल्ह्याच्या पार वरच्या टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, आणि आमची चिखली खाली. मी अकोल्याला फोन केला, की अहो, त्याला तिकडचीच एखादी शाखा द्या. तिकडून उत्तर, "एकच जिल्हा आहे ना मॅडम? होम डिस्ट्रिक्टच दिला की त्याला!"

पोरगा अंधारात घर सोडायचा, तीन एसट्या बदलायचा आणि बरोब्बर आमच्या जेवणाच्या सुट्टीत दारात उभा राहायचा. आम्ही त्याला डब्यातलं खाऊ घालायचो. तासाभरात त्याच्या परतीच्या गाडीची वेळ! बँकेत माणसं नुसती जेवतात, असाच त्याचा समज झाला असेल.

आठव्या दिवशी म्हणाला, "मॅडम, मी तं एसटीतच इंटर्नशिप करून राह्यलो. कंडक्टर म्हणे, पत्र मी देतो तुले!"

सगळी शाखा हसली. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. त्याच्या कॉलेजला एक फोन करायला मला दोन मिनिटं लागली असती, पण मी तो केला नाही.

*

उरली प्रज्ञा. अमडापूरची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. वडील गवंडीकाम करायचे, आई त्यांच्याच हाताखाली. पहिल्याच दिवशी तिनं मला तिचं सगळं गणित सांगितलं. शेवटच्या सेमिस्टरचा एक पेपर म्हणजे ही इंटर्नशिप. बँकेचं पत्र आलं तर मार्क, मार्क आले तर डिग्री, आणि डिग्री हातात असेल तरच क्लार्कच्या परीक्षेचा फॉर्म भरता येणार.

"पत्र भेटीन ना मॅडम नक्की?"

"अगं, मी माझ्या हातानं देईन," मी म्हणाले. असं बोलायला काही पैसे पडत नाहीत.

पत्रावर इंटर्नचा कोड नंबर लागतो. तो मुंबईहून यायचा. मी फॉर्म पाठवला, आठवण पाठवली, आठवणीची आठवण पाठवली. दर वेळी एकच उत्तर, "कोड येतोय, तोवर बसवा."

आता कोड नाही म्हणजे हजेरीच्या मशीनवर बोट लागत नाही. मग वॉचमननं तिला भेटायला येणाऱ्यांच्या वहीत सही करायला लावली. कोणाकडे आलात? तिनं लिहिलं, वानखडे साहेब. काम? बिचारीनं लिहिलं, शिकणे. महिन्याभरानं साहेबांच्या नजरेला ती वही पडली आणि ते केबिनमधून धावत बाहेर आले. "अहो मॅडम, रोज एक मुलगी माझ्याकडं येऊन राह्यली असं दिसते! माझी बदली होईल!"

तेव्हापासून ती रोज लिहायची, कोणाकडे, देशमुख मॅडम, म्हणजे मी. काम, खाजगी.

*

तिला आम्ही काय शिकवलं? पासबुकाचं मशीन अडकलं की डाव्या अंगाला थाप मारायची. फोन वाजला की उचलायचा, कारण आमच्यातलं कोणी उचलत नाही. आणि लिहिता न येणाऱ्यांच्या स्लिपा भरून द्यायच्या.

स्लिपांपर्यंत ठीक होतं. पुढं साहेबांनी तिला विम्याचे फॉर्म दिले. आमच्याकडं विम्याचा फॉर्म कसा भरतात, तर खातेदारासमोर कागद ठेवायचा, खूण केलेल्या जागी बोट दाखवायचं आणि म्हणायचं, "इथं अंगठा." दहा सेकंदांचं काम. वर्षानुवर्षं असंच चाललंय, मीही तेच केलंय.

प्रज्ञा फॉर्म वाचून दाखवायची! पहिल्या ओळीपासून. दरवर्षी खात्यातून पैसे कापले जातील, बंद करायचं असेल तर असा असा अर्ज द्यावा लागेल, सगळं. एक म्हातारी पूर्ण ऐकून घेऊन म्हणाली, "बाई, माह्या खात्यातून दरसाली कापतीन? मंग नको मले!" तिच्या मागच्या बाईनंही नको म्हटलं. तिच्या मागचीनं तर विचारलं, "मांगच्या साली माहा अंगठा कायले घेतला होता हो?"

शाखेचं टार्गेट तिथंच झोपलं. संध्याकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. घाम पुसत म्हणाले, "मॅडम, पोरगी चांगली आहे, मेहनती आहे. पण तिले वाचता येते, हाच मोठा प्रॉब्लेम आहे!"

*

मग आलं केवायसी. खातेदारांचे आधार, पॅन, फोटो तपासून कॉम्प्युटरवर चढवायचं काम. हजारो खाती बाकी, आणि वरून रोज दटावणी. माझी मान धरलेली, डोळ्यांना नंबर वाढलेला. प्रज्ञाला लॉगिन नाही. पण लॉगिन बोटानंच होतं ना? मी सकाळी माझं बोट मशीनवर ठेवायची आणि खुर्चीतून उठायची. प्रज्ञा बसायची. मधेच मशीन बाहेर फेकायचं, की ती हाक मारायची, "मॅडम, बोट!" मी हातातला चहा ठेवून जायची, बोट लावायची, परत यायची.

आमचे शिपाई रहीमभाई एकदा चहा देता देता म्हणाले, "मॅडम, बोट काढून इथंच ठून द्या ना! तुम्हाले खालीपिली काऊन तकलीफ?"

नियमात हे बसत नाही, हे मला माहीत होतं आणि साहेबांनाही. प्रज्ञाला माहीत नव्हतं. तिला वाटायचं, शिकायचं म्हणजे असंच असतं.

दोन महिन्यांत सगळी खाती संपली. अकोल्याला कार्यक्रम झाला. केवायसीत रीजनमध्ये पहिली आले मी! स्टेजवर फोटो, शाल, एक स्टीलची बाटली. शाखेत परत आले तर प्रज्ञानं सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या आणि माझ्या पाया पडली. मला तेव्हाच लाज वाटायला पाहिजे होती. खरं सांगते, नाही वाटली. रात्री मी शालीचा फोटो लेकरांना पाठवला.

*

ऑडिट आलं. आदल्या दिवशी साहेब म्हणाले, "प्रज्ञा, उद्या घरीच राह्य."

"सर, माहे हजेरीचे दिवस भरून राह्यले. एक बी खाडा केला नाही मी."

मग साहेबांनीच तोड काढली. प्रज्ञानं यायचं, पण गिऱ्हाइकाच्या बाकावर बसायचं, हातात टोकन घेऊन. ती बसली. सकाळपासून दुपारपर्यंत हातात टोकन, मांडीवर पिशवी. ऑडिटर तरुण होता, चौकस. दोनदा तिच्यासमोरून गेला, तिसऱ्यांदा थांबला. "ताई, केव्हापासून बसलात? काम झालं नाही का तुमचं?"

ती उठून उभी राहिली. "नाही सर. नंबर नाही आला अजून."

ऑडिट रिपोर्टमध्ये आमच्याविरुद्ध एकच शेरा आला, या शाखेत ग्राहकांना फार वेळ ताटकळत ठेवलं जातं! रहीमभाईंनी तो शेरा सगळ्यांना दोनदा वाचून दाखवला. लोक पोट धरून हसले, प्रज्ञाही हसली.

*

सहा महिने झाले. कोड आला नव्हता. मी अकोल्याला फोन केला, की पोरगी एकही दिवस चुकली नाही, पत्र द्या. तिकडचा माणूस अगदी प्रेमानं बोलला. "मॅडम, कोड नाही म्हणजे इंटर्न नाही. नसलेल्या इंटर्नला पत्र कसं देऊ?"

मी साहेबांना म्हटलं, "शाखेच्या लेटरहेडवर आपणच देऊ. तुम्ही सही करा."

साहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं. "देतो. मंग उद्या कोणी विचारलं, ही पोरगी सहा महिने कुठं बसली? कोणाच्या लॉगिनवर? ते बोट कोणाचं, मॅडम? माहं तं नाही!"

मी बाहेर येऊन माझ्या खुर्चीत बसले. माझी नोकरी, माझी पेन्शन, पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. प्रज्ञानं विचारलं, "काय म्हणले सर?" मी म्हटलं, "बघू म्हणाले." ती "बरं मॅडम" म्हणून परत स्लिपा भरायला लागली. पत्र नसताना ती अजूनही रोज येत होती, हातात घेऊनच जाईन म्हणून.

चार दिवसांनी, भर गर्दीत, शाखेचा फोन वाजला. नेहमीप्रमाणं प्रज्ञानं उचलला. "नमस्कार, चिखली शाखा." थोडा वेळ ऐकलं, मग रिसीव्हरवर हात ठेवून साहेबांकडं वळली. साहेब माझ्याच टेबलापाशी उभे होते.

"सर, युनिव्हर्सिटीचा फोन आहे. मार्क चढवायची आज शेवटची तारीख म्हणतात. प्रज्ञा इंगळे नावाच्या मुलीचं पत्र नाही आलं. तोंडी हो म्हणलं तरी चालते म्हणतात. तुमच्याकडं ती इंटर्न होती काय, विचारून राह्यले."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी कॉम्प्युटरकडं पाहिलं. स्क्रीनवर काही नव्हतं.

"काय सांगू सर?"

साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "रेकॉर्डवर कोणी नाही म्हणून सांग, बेटा. मी तुले अंदरून काही तरी करून देतो नंतर."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी हो म्हटलं असतं तर तेवढ्यावर भागलं असतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. काउंटरवरचा एक माणूस ओरडला, "ओ मॅडम, लाइन हालू द्या ना!" आणि मी त्याची स्लिप हातात घेतली.

प्रज्ञानं रिसीव्हरवरचा हात काढला.

"सर, आमच्या रेकॉर्डवर प्रज्ञा इंगळे नावाची कोणी मुलगी नाही." अगदी स्वच्छ बोलली ती, बँकेत बोलतात तसं. मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "हाव सर, पक्कं. नाही, चुकून नाही." पुन्हा काहीतरी विचारलं. "कोण बोलते? नाव पाहिजे लिहाले?"

ती माझ्याकडं बघतच होती.

"लिहा सर. सुषमा देशमुख, ऑफिसर."